मूल तेच तेच बोलतं तेव्हा: ऑटिझम आणि ऐकलेलं परत बोलणं, खान्देशातल्या पालकांचे वारंवार येणारे प्रश्न

मी जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या मुलांसोबत वाचा-उपचाराचं काम करते. प्रश्न कुठूनही येतात. बाहेर बाकावर नंबराची वाट बघणारी आई विचारते, रात्री दहाला व्हॉइस मेसेज येतो, कधी कापसाच्या शेतातून एखाद्या आजोबांचा फोन येतो. फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून ते पालकांच्याच शब्दांत इथे एकत्र केले आहेत. मुलांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. हे वाचल्यावरही प्रत्यक्ष तपासणी करून घ्यायचीच आहे.

१. मुलगा आपण बोललेलंच परत बोलतो. हे नेमकं काय असतं?

आई विचारते, "काय खाल्लं?" मुलगाही म्हणतो, "काय खाल्लं?" याला इकोलालिया म्हणतात. ऐकलेलं लागलीच परत बोलला तर तो तात्कालिक प्रकार. काल, गेल्या महिन्यात किंवा दोन वर्षांपूर्वी ऐकलेलं आज अचानक बोलला तर तो विलंबित. हा दुसरा प्रकार ओळखायला अवघड, कारण ते वाक्य मुळात कुठे ऐकलं होतं हे आपण विसरून गेलेलो असतो. कित्येकदा सूरसुद्धा जसाच्या तसा येतो: एसटीच्या कंडक्टरचा, टीव्हीतल्या बाईचा, रागावलेल्या पप्पांचा.

२. दोन वर्षांची सगळीच मुलं असं बोलतात ना? मग काळजी कधी करायची?

खरं आहे, बोलायला शिकताना बहुतेक मुलं ऐकलेलं परत म्हणतात. साधारण अडीच-तीन वर्षांपर्यंत ते कमी होत जातं आणि मुलाची स्वतःची वाक्यं वाढतात. तिसऱ्या वर्षानंतरही बोलण्यातला मोठा भाग उसना असेल तर तपासून घ्या.

काही खुणा दिसल्या तर मात्र तीन वर्षांपर्यंत थांबू नका. नाव घेऊन हाक मारली तरी वळून बघत नाही, दीड वर्षाचं झालं तरी हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, दोन वर्षांचं झालं तरी स्वतःचे दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेले शब्द गेले, यातलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवा. "आमच्या घराण्यात सगळे उशिराच बोलतात" हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे, आणि त्यापायी वाया गेलेली वर्षंही पाहिली आहेत.

३. परत परत बोलतो म्हणजे ऑटिझमच का?

नाही. भाषा उशिरा येणाऱ्या, बौद्धिक विकास धिमा असलेल्या आणि जन्मापासून दिसत नसलेल्या मुलांमध्येही असं बोलणं आढळतं. ऑटिझममध्ये त्याचं प्रमाण जास्त असतं. २०१३ पासून वापरात असलेल्या डीएसएम-५ या निदानपद्धतीत पुनरावृत्तीच्या लक्षणांत ते नोंदलेलंही आहे, पण एवढ्या एका लक्षणावर निदान होत नाही. मूल इतरांशी कसं जोडलं जातं, नजर, हातवारे, खेळ, आवाज किंवा स्पर्श सहन होतो की नाही, हे सगळं मिळून पाहावं लागतं.

आधी कानांची तपासणी करून घ्या. लोक म्हणतात, "पूर्ण वाक्य म्हणतो म्हणजे ऐकू येतंच." थोडं कमी ऐकू येणारं मूलही वाक्यं म्हणू शकतं. बेरा किंवा ओएई तपासणीत मुलाला काही उत्तर द्यावं लागत नाही, झोपेतही होते.

४. त्याला अर्थच कळत नाही, मग हे पोपटासारखं बोलणं कशाला?

या पानावरचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हाच.

लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ मध्ये ११ मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं. ऑटिझम या निदानाची सुरुवात तिथून झाली. साठवलेली वाक्यं जशीच्या तशी बोलण्याची सवय त्यांनी तेव्हाच टिपली होती. पुढे बरीच वर्षं हे बोलणं निरर्थक मानलं गेलं आणि ते बंद पाडण्यावर भर राहिला. १९८१ मध्ये बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डुकन यांनी चार ऑटिस्टिक मुलांचे हजाराहून जास्त उद्गार व्हिडिओवरून तपासले. मुलाची नजर कुठे होती, हात कुठे होता, बोलण्याआधी आणि नंतर काय घडलं, हे सगळं पाहिलं. तेव्हा त्या उद्गारांमागे सात वेगवेगळी कामं दिसली. कुठे बोलण्यातली आपली पाळी सांभाळणं, कुठे "हो" म्हणणं, कुठे मागणं, कुठे स्वतःलाच सूचना देणं.

आता भुसावळचं उदाहरण. पाच वर्षांचा एक मुलगा, वडील रेल्वेत. घरात पाहुणे आले, गलका वाढला की तो ठणठणीत आवाजात म्हणायचा, "यात्रीगण कृपया ध्यान दें." पाहुणे हसायचे, आई ओशाळायची. आम्ही पंधरा दिवस वहीत नोंदी ठेवल्या. वाक्य दर वेळी गर्दीतच येत होतं आणि त्याची नजर दाराकडे असायची. मग आईला आठवलं: भुसावळ जंक्शनवर घोषणा झाली की सगळे उठायचे, गाडीत बसायचे, आणि पुढे आजीचं शांत घर यायचं. त्याच्यासाठी त्या वाक्याचा अर्थ होता, "आता इथून निघू या." त्या दिवसापासून आईने ते वाक्य ऐकलं की "बाहेर जायचंय" असं म्हणत त्याला अंगणात न्यायला सुरुवात केली. चार महिन्यांनी "बाहेर जायचंय" हे तो स्वतः म्हणू लागला.

दुसरी एक मुलगी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावरून घसरली होती, आणि सगळ्या बाया एका सुरात ओरडल्या होत्या, "पडशी ना!" पुढे इंजेक्शनची सुई दिसली, कुत्रं भुंकलं, लाईट गेली, की ती म्हणायची, "पडशी ना!" तिच्याकडे "मला भीती वाटते" हे वाक्य नव्हतं. जे होतं ते तिने वापरलं.

प्रत्येक उद्गाराला असा गोष्टीसारखा उलगडा सापडेलच असं नाही. काही वेळा मूल फक्त आवाजाची मजा घेतं किंवा मन शांत करतं. तेही कामच आहे.

५. पाणी त्यालाच हवं असतं, तरी म्हणतो "तुला पाणी पाहिजे?" "मी" आणि "तू" कधी कळणार?

त्याने ते वाक्य पाणी मिळताना ऐकलं आहे. तुम्ही ग्लास पुढे करता आणि म्हणता, "तुला पाणी पाहिजे?" त्याच्या डोक्यात ही सगळी ओळ म्हणजे पाणी मिळण्याचं नाव. "मी-तू" हे शब्द बोलणाऱ्यागणिक बदलतात, आणि ज्याची भाषा अख्ख्या तुकड्यांनी येते त्याला हा बदल पकडायला वेळ लागतो.

म्हणून प्रश्न कमी करा आणि त्याने जे म्हणायला हवं तेच त्याच्या जागेवरून बोला. ग्लासकडे हात गेला की "मला पाणी हवंय" म्हणा आणि पाणी द्या. घरी अहिराणी असेल तर "तुले भूक लागनी का?" असं विचारण्याऐवजी "मले भूक लागनी" म्हणत ताट पुढे करा. त्याच्याकडून वदवून घेऊ नका, "आधी बोल, मग देतो" अशी अटही नको.

मराठीत आणखी एक अडचण आहे. इंग्रजी पुस्तकांवरून शिकवणाऱ्यांच्या ती लक्षात येत नाही. आपल्या क्रियापदाला लिंग असतं. दिवसभर आईचं बोलणं ऐकणारा मुलगा "मी जेवते, मी जाते" म्हणू लागतो आणि घरचे आणखीच घाबरतात. यात घाबरण्यासारखं काही नाही, तो आईचीच ओळ उचलतो. सुरुवातीला "मला हवंय", "मला नको", "मला दे" अशी वाक्यं जास्त वापरा, त्यांत बोलणाऱ्याचं लिंग येतच नाही. नंतर मुलाच्या जागेवरून बोलताना आईनेही "मी जेवतो" म्हणावं, आणि मुलीच्या जागेवरून बोलताना बाबांनी "मी जेवते". पहिले दोन दिवस अवघडल्यासारखं होतं.

६. मग रोज घरी मी नक्की काय करू?

पहिले दोन आठवडे फक्त वही. काय म्हणाला, कुठे, समोर कोण होतं, आधी काय घडलं, नंतर काय मिळालं. दिवसाला पाच-सात ओळी पुरेत. हे काम आजीही करू शकते, लिहिता येत नसेल तर मोबाईलवर बोलून ठेवावं.

नंतर त्याच्या वाक्याला उत्तर द्यायला लागा. अर्थ लागला असेल तर चौथ्या प्रश्नातल्या आईसारखं सोपं वाक्य जोडा. अर्थ लागला नसेल तरी त्याच्याकडे बघा, मान हलवा, तीच ओळ त्याच सुरात एकदा म्हणा. आपलं कोणी ऐकतंय हे मुलाला कळणं फार मोलाचं आहे.

तुमची वाक्यं आखूड करा. "चल आता पटकन हात धुवून ये नाहीतर जेवण गार होईल" यातलं शेवटचं "गार होईल" एवढंच तो उचलेल. "हात धुऊ या" म्हणा आणि नळाकडे चला. बोलून झाल्यावर मनात दहापर्यंत मोजा. या मुलांना उत्तर जुळवायला वेळ लागतो, आणि आपण त्या शांततेत दुसरा प्रश्न टाकून मोकळे होतो.

"हे काय? रंग कोणता? गाय कशी ओरडते?" ही परीक्षा दिवसातून शंभरदा घेतली जाते. ती बंद करा. भाकरी थापताना, केळी सोलताना, गाईला चारा टाकताना जे चाललं आहे ते साध्या शब्दांत बोलत राहा.

७. "गप्प बस" म्हटलं की थांबतो. रागावून सवय मोडता येईल का? किंवा अजिबात लक्ष न देता?

नको. कामाच्या सुरुवातीच्या काळात मी स्वतः पालकांना "लक्ष देऊ नका, आपोआप जाईल" असं सांगत होते. त्या सल्ल्याने काही मुलं गप्प झाली, आणि सोबत त्यांचं मागणंही बंद झालं. उसनी वाक्यं हाच त्यांचा बोलण्याचा एकमेव रस्ता होता. ते मला आजही सलतं.

रागाचा आणखी एक परिणाम होतो. धाकाने मुलाची घालमेल वाढते, आणि घालमेल वाढली की पुनरावृत्ती वाढते. शिवाय काही दिवसांनी तो "गप्प बस" हेच म्हणू लागतो.

८. घरात अहिराणी, शाळेत मराठी, मोबाईलवर हिंदी-इंग्रजी. एका मॅडमनी सांगितलं, अहिराणी बंद करा. करावी का?

अजिबात नको. दोन भाषा ऐकल्याने ऑटिझम वाढतो किंवा बोलणं आणखी मागे पडतं, असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. अहिराणी असो, रावेर-यावलकडची लेवा बोली असो, नंदुरबारकडची भिली-पावरी किंवा गुजरी असो, ज्या भाषेत आजी लाड करते आणि रागावते तीच मुलाची भाषा. ती काढून घेतली तर घरात त्याच्याशी मोडक्यातोडक्या मराठीत दोन वाक्यं बोलली जातात आणि बाकी घर आपसात गप्पा मारतं. मूल एकटं पडतं.

तपासणीला जाताना मात्र घरची भाषा नक्की सांगा. "मले", "तुले" हे शब्द न समजल्याने मूल अर्थहीन बडबडतंय असा शेरा लिहिला गेलेला मी पाहिला आहे. मूल चक्क पाणी मागत होतं.

९. मोबाईलमुळे झालं का?

ऑटिझम मोबाईलमुळे होत नाही. आईने शेतात जाताना मोबाईल हातात दिला म्हणून झाला, हा आरोप तर चुकीचा आहे आणि क्रूरही. तरी स्क्रीनवरचा वेळ कमी करणं गरजेचं आहे, कारण कार्टून मुलाच्या बोलण्याला उत्तर देत नाही, आणि बोलणं शिकायला उत्तर देणारं माणूस लागतं. एकदम हिसकावू नका. त्याच कार्टूनमधली वाक्यं तो म्हणत असेल तर शेजारी बसून बघा, म्हणजे कोणत्या प्रसंगातलं वाक्य आहे ते कळेल आणि सहाव्या प्रश्नातली वही भरेल.

१०. पाढे, एबीसीडी, जळगाव ते चाळीसगाव सगळी स्टेशनं घडाघडा म्हणतो. हुशार आहे, पहिलीत घालू ना?

शाळेत नक्की घाला, तो त्याचा हक्क आहे. पण पाठांतराला समज मानून पुढचं ठरवू नका. साधी परीक्षा करा: "जळगाव, शिरसोली, म्हसावद, माहेजी" म्हणतो, तर "पाचोऱ्यानंतर कोणतं?" असं मधूनच विचारा. पुन्हा जळगावपासून सुरू करत असेल तर ती यादी त्याच्यासाठी एक गाणं आहे. चार वाट्या मांडून "दोन दे" म्हणा. वीसपर्यंत मोजणारी कित्येक मुलं इथे अडतात.

ही स्मरणशक्ती खरी ताकद आहे, तिचा उपयोग करा. स्टेशनांची चित्रं क्रमाने लावणं, तिकीट-तिकीट खेळणं, "गाडी आली", "गाडी गेली" म्हणणं, इथून भाषा पुढे सरकते.

११. "पप्पा कधी येतील?" दिवसातून पन्नासदा विचारते. उत्तर देऊन थकलो.

हा प्रश्न वेगळा, कारण इथे वाक्य बरोबर आहे, उत्तरही तिला माहीत आहे. तिला हवी असते खात्री, आणि बोललेलं उत्तर हवेत विरून जातं. म्हणून उत्तर डोळ्यांना दिसेल असं करा. भिंतीवर चार चित्रं लावा: जेवण, झोप, चहा, पप्पांची मोटारसायकल. एकेक गोष्ट झाली की चित्र उलटं करायचं. प्रश्न आला की एकदा शांतपणे उत्तर द्या, पुढच्या वेळी फक्त चित्राकडे बोट करा. पप्पांना उशीर होणार असेल तर त्यासाठीही एक चित्र ठेवा. ते विसरलात तर बाकी सगळं फसतं.

१२. यावर औषध आहे का? वेखंड चाटवू का? जिभेखालची शीर कापावी लागेल का?

पुनरावृत्तीच्या बोलण्यावर औषध नाही. रिस्पेरिडोन किंवा अरिपिप्राझोल ही औषधं डॉक्टर कधी कधी देतात. ती तीव्र चिडचिडीसाठी किंवा स्वतःला मारून घेण्यासाठी असतात, बोलणं आणण्यासाठी नाहीत. स्टेम सेलच्या नावाखाली लाखो रुपये मागणाऱ्यांपासून दूर राहा, ऑटिझमसाठी तो सिद्ध झालेला उपचार नाही. त्यासाठी शेत गहाण टाकू नका.

वेखंड उगाळून चाटवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. त्याने भाषा येत नाही, जास्त गेलं तर उलट्या होतात. जिभेचं म्हणाल तर विचार करा: जीभ चिकटलेली असती तर उच्चार अडले असते. मूल टीव्हीची अख्खी जाहिरात स्पष्ट म्हणतंय, म्हणजे जीभ मोकळीच आहे. कानबाईला नवस बोलला असाल तर तो जरूर फेडा, त्या आठवड्याचं सेशन मात्र चुकवू नका.

१३. तपासणी आणि थेरपी कुठे करायची? सर्टिफिकेट घ्यावं का?

सुरुवात जिल्ह्याच्या सिव्हिलपासून करा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेत मुलांची तपासणी होते आणि पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवलं जातं. तिथली सेवा मोफत असते. खासगी थेरपिस्टकडे जाताना भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. विचारण्यात संकोच नको, खऱ्या माणसाला त्याचा राग येत नाही.

सर्टिफिकेट घ्याच. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारचं दिव्यांगत्व मोजलं आहे आणि ऑटिझम त्यात आहे. निदानासाठी आयएसएए ही भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात ४० मुद्दे असतात, ७० च्या खाली गुण आले तर ऑटिझम धरला जात नाही. त्यात ऐकलेलं परत बोलणं आणि "मी-तू"ची उलटापालट हे दोन्ही मुद्दे आहेत, म्हणून तुमची वही सोबत न्या. अनोळखी खोलीत मूल गप्प बसतं आणि घरी दिवसभर जे बोलतं त्यातलं काहीच डॉक्टरांना दिसत नाही. सर्टिफिकेटनंतर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमाकवच मिळू शकतं, थेरपीचा खर्चही त्यात बसतो.

दर आठवड्याला साक्री किंवा चोपड्याहून येणं जमत नाही, मला माहीत आहे. महिन्यातून एकदा या, घरी काय करायचं ते नीट शिकून जा आणि मधे व्हिडिओ पाठवा. घरी रोज झालेलं अर्ध्या तासाचं काम लांबच्या एका सेशनपेक्षा जास्त देतं.

१४. यूट्यूबवर "गेस्टाल्ट" पद्धत सांगतात. ती खरी का?

काही मुलं भाषा आधी अख्ख्या तुकड्यांनी घेतात आणि मग ते तुकडे मोडून स्वतःची वाक्यं जुळवतात, हे निरीक्षण जुनं आहे. अॅन पीटर्स यांनी १९७० च्या दशकात ते मांडलं. त्यावर उभा केलेला पायऱ्या-पायऱ्यांचा कार्यक्रम आज लोकप्रिय आहे. पण त्या पायऱ्यांनी मुलं अधिक चांगलं बोलू लागतात याचा भक्कम पुरावा अजून समोर आलेला नाही. त्यातलं ऐकून घेणं, प्रश्न कमी करणं, मुलाच्या जागेवरून बोलणं मी रोज वापरते. "एकेक शब्द शिकवूच नका" हा त्यातला आग्रह मी पाळत नाही. कोणी महागडा कोर्स विकत असेल तर आधी भेटून बोलू.

१५. लग्नात, यात्रेत लोक हसतात, मुद्दाम त्याच्याकडून वदवून घेतात. काय सांगू?

एक वाक्य तयार ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना तेच शिकवा: "नाना, तो असाच बोलायला शिकतोय. त्याच्याशी हळू बोला, उत्तराची घाई करू नका." बहुतेक माणसं ऐकतात. वदवून हसणाऱ्या काकांपासून मात्र मुलाला उचलून बाजूला न्या. त्या काकांना वाईट वाटलं तर वाटू द्या.

सारंगखेड्यासारख्या मोठ्या यात्रेत मुलाच्या खिशात किंवा मनगटावर तुमचा फोन नंबर हवाच. "तुझं नाव काय?" असं पोलिसाने विचारलं तर तो "तुझं नाव काय?" म्हणेल, आणि पोलिसाला तो उद्धटपणा वाटेल. चिठ्ठीवर लिहा: "मला ऑटिझम आहे. मी तुमचेच शब्द परत बोलतो. या नंबरवर फोन करा."

१६. मोठेपणी हे जाईल का?

बऱ्याच मुलांत स्वतःची भाषा वाढते तसं ते कमी होतं. काहींमध्ये ताण आला, आजारपण आलं की परत डोकावतं. काहींमध्ये कायम राहतं, आणि ती माणसं त्यातूनच आपलं म्हणणं पोचवतात. ज्या मुलाला बोलून भागत नाही त्याला चित्रांचा तक्ता किंवा मोबाईलमधलं बोलकं अॅप द्या. "चित्रं दिली तर बोलणं थांबेल" ही भीती निराधार आहे.

१७. आधी छान बोलायचा, आता कमी झालं. किंवा उलट: एकदम खूप वाढलं.

शब्द गेले तर वाट बघू नका. दीड-दोन वर्षांच्या सुमारास काही मुलांचे आलेले शब्द जातात, ती ऑटिझमची खूण असू शकते. तीन वर्षांनंतर नीट बोलणाऱ्या मुलाची भाषा गेली तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवावं लागतं. काही आकडीच्या आजारांत झटका दिसत नाही पण भाषा जाते, आणि त्यासाठी ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींची तपासणी, करतात.

पुनरावृत्ती एकदम वाढली तर आधी शरीर बघा: कान, दात, बद्धकोष्ठता, झोप. मग घर बघा: नवी शाळा, बाळाचा जन्म, आईचं माहेरी जाणं, घरातली भांडणं. वही इथेही कामी येते.

१८. नेमक्या शिव्याच उचलतो, आणि देवळात म्हणतो!

शिवी ठसक्यात आणि जोरात दिली जाते, म्हणून ती पटकन पकडली जाते. त्यावर सगळे दचकतात, म्हणून टिकते. चेहऱ्यावर काही दाखवू नका, हसू नका, मारू नका. शिवी कधी येते ते पाहा. खेळणं हिसकावल्यावर येत असेल तर त्याच ठसक्यात "माझं आहे!" असं म्हणून दाखवा. मिळमिळीत आवाजातलं वाक्य शिवीची जागा घेऊ शकत नाही. आणि घरातल्या मोठ्यांनी शिव्या थांबवाव्यात, त्याशिवाय बाकी उपाय चालत नाहीत.

१९. "पोट दुखतंय का?" विचारलं की "पोट दुखतंय का" म्हणतो. खरं दुखतंय की नाही, कसं ओळखायचं?

शब्दांवर विसंबू नका. उलट प्रश्न विचारून बघा: "पोट दुखत नाही ना?" त्यावर "दुखत नाही ना" आलं तर दोन्ही उत्तरं फक्त प्रतिध्वनी आहेत. "दूध की चहा?" विचारल्यावर "चहा", आणि "चहा की दूध?" विचारल्यावर "दूध" म्हणत असेल, तर तो दर वेळी शेवटचा शब्द उचलतोय. अशा मुलाला दोन्ही कप समोर धरून दाखवा आणि हात कुठे जातो ते बघा.

दुखण्यासाठी शरीर वाचा: खाणं सोडलं, पाय पोटाशी घेतो, एकच जागा दाबतो, झोपेतून उठतो, नेहमीचा खेळ टाकला, स्वतःला मारून घेतो. त्याचं एखादं ठरलेलं वाक्य असतं. एका मुलाचं होतं, "सुई नको काका", कारण दुखणं आणि सुई त्याने एकत्रच अनुभवलं होतं. ते वाक्य दवाखान्याबाहेर आलं की त्याची आई ताप बघायची, आणि बहुतेकदा असायचा. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, "हा प्रश्न परत म्हणतो, त्याच्या 'हो'वर जाऊ नका."

आपल्याकडचा उन्हाळा विसरू नका. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, आणि तहान लागली हे सांगता न येणारं मूल घरातच सुकतं. मागण्याची वाट न बघता घड्याळ लावून पाणी द्या, लघवीचा रंग बघा.

२०. मुलगी काही दिवसांपासून म्हणते, "कोंडून ठेवीन, गप बस." घरात कोणीच असं बोलत नाही. काय समजायचं?

हे वाक्य तिने कुठेतरी ऐकलं आहे. ते मालिकेतलं असेल, शेजारच्या भांडणातलं असेल, दुसऱ्या मुलाला कोणी म्हटलेलं असेल, किंवा तिलाच म्हटलेलं असेल. ऐकलेलं हुबेहूब परत बोलणारं मूल कधी कधी आपल्याला न दिसलेल्या जागेची बातमी आणतं. म्हणून हसून सोडून देऊ नका, आणि लगेच कोणावर धावूनही जाऊ नका.

शब्द जसेच्या तसे, तारखेसह, सुरासह लिहा. शक्य असेल तर रेकॉर्ड करा. "सरांनी कोंडलं का? काकांनी मारलं का?" असं विचारू नका. ती शेवटचे शब्द परत म्हणेल, आणि तो पुरावाही नसेल, खरं काय तेही कळणार नाही. त्याऐवजी बघा: वाक्य कोणत्या वेळी येतं, कोणत्या जागेजवळ, कोणाला पाहून. अंथरूण ओलं करू लागली का, कोणाजवळ जायला नकार देते का, अंगावर खुणा आहेत का. शाळेत न सांगता जाऊन या, वर्ग बघा, रिक्षावाल्याशी बोला. मूल धोक्यात आहे असं वाटलं तर १०९८ या चाइल्डलाइन क्रमांकावर फोन करा. लैंगिक त्रासाची शंका असेल तर पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलीचा जबाब घेताना विशेष शिक्षक किंवा तिची भाषा ओळखणारी व्यक्ती सोबत मागण्याची तरतूद त्या कायद्यात आहे. ती मागा, आणि तुमची वही त्यांच्या हातात द्या.